सलाईनच्या बाटलीवरच्या आरएलमधला आर म्हणजे कोण? नळाच्या पाण्याने लावलेल्या शोधाची गोष्ट

जुलैचा महिना, रोवणीची घाई. अर्जुनी मोरगाव तालुक्यात या दिवसांत घरात माणूस सापडत नाही, सगळे बांधीत. अशातच माझ्या काकूला हगवण लागली. दोन दिवस अंगावर काढलं, तिसऱ्या दिवशी उभं राहवेना, तेव्हा कुठे दवाखान्यात गेली. जाताना तिची एकच मागणी होती, एक बाटली लावून द्या, म्हणजे उद्या बांधीत जाता येईल. डॉक्टरांनी तपासलं आणि बाटलीऐवजी ओआरएसची पाकिटं हातात ठेवली. काकूला तो अपमान वाटला. पैसे घेऊन साखरमीठ दिलं, असं ती पुढे आठवडाभर गल्लीत सांगत होती. बरी मात्र दुसऱ्या दिवशी झाली.

आपल्याकडे बाटलीवर लोकांचा फार विश्वास. अशक्तपणा आला, बाटली. ताप आला, बाटली. पण ती बाटली कधी हातात घेऊन वाचलीय का? बऱ्याच बाटल्यांवर आरएल लिहिलेलं असतं. एल म्हणजे लॅक्टेट. आर म्हणजे रिंगर, आणि रिंगर हे कुठल्या रसायनाचं नाव नाही, माणसाचं आडनाव आहे. डॉ. सिडनी रिंगर. लंडनमधले डॉक्टर, १९१० साली वारले. गोंदियापासून टोकियोपर्यंत रोज कुणाच्या ना कुणाच्या शिरेत त्यांच्या नावाचं पाणी जात असतं आणि ते कोण होते हे फारसं कुणाला माहीत नसतं.

त्यांची गोष्ट सांगायची तर आधी एक साधा प्रश्न सोडवायला हवा. शिरेत पाणीच द्यायचं, तर साधं पाणी का देत नाहीत?

मनुका फुगते, कैरी आकसते

शाळेत हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. मनुका रात्रभर पाण्यात ठेवली की सकाळी टम्म फुगते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात बरणीत पाणी सुटतं. दोन्हीकडे एकच नियम चालतो. पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, त्यातून पाणी सहज जातं, मीठसाखर सहज जात नाही. मग पाणी काय करतं? जिकडे विरघळलेला माल जास्त, तिकडे सरकतं. मनुकेच्या आत साखर जास्त म्हणून पाणी आत, फोडीच्या बाहेर मीठ जास्त म्हणून पाणी बाहेर. पाठ्यपुस्तकात याला परासरण म्हणतात.

१७४८ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत दारू भरून ती पाण्यात ठेवली होती. पिशवी फुगत फुगत गेली. पाणी आत शिरत होतं, दारू मात्र त्या मानाने बाहेर येत नव्हती. परासरणाची पहिली नोंद म्हणून हा प्रयोग सांगितला जातो.

आता पिशवीच्या जागी रक्तातली तांबडी पेशी ठेवा. रक्तात शुद्ध पाणी सोडलं तर ते त्या पेशींमध्ये घुसतं, पेशी फुगतात आणि फुटतात. उलट फार खारट पाणी सोडलं तर पेशींतलं पाणी बाहेर येतं, त्या सुरकुततात. म्हणून बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी सारखंच दाट हवं. पुस्तकी शब्द समपरासरी. ६० किलोच्या माणसात साधारण ३६ लिटर पाणी असतं. त्यातलं २४ लिटरच्या आसपास पेशींच्या आत, उरलेलं बाहेर. या दोन्हींमधला तोल शरीर दिवसरात्र सांभाळत असतं. तहान आणि लघवी ही त्याचीच दोन हत्यारं.

एक गंमत इथेच सांगून टाकते. रोवणी करणाऱ्या बायांची बोटं चिखलपाण्यात दिवसभर राहून सुरकुततात, तेही परासरणामुळे, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते चुकीचं आहे. बोटाची नस तुटली असेल तर ते बोट पाण्यात कितीही वेळ ठेवा, सुरकुतत नाही. म्हणजे हे काम नसांचं आहे, त्या बोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि वरची कातडी आत खेचली जाते.

बियाण्याच्या बाबतीत मात्र परासरण खरंच आडवं येतं. धानाचं बी पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून त्यात बुडवायचं, तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं, असं कृषी विभाग सांगतो. हे ज्यांच्या घरी होतं त्यांना पुढची पायरीही माहीत असेल. खाली बसलेलं चांगलं बी लगेच दोनतीनदा साध्या पाण्याने धुवायचं. मीठ राहिलं तर बियाला उगवण्यापुरतं पाणी आत ओढता येत नाही.

नॉर्विचचा पोरका मुलगा

सिडनी रिंगर यांचा जन्म इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात, १८३५ च्या आसपास. घर व्यापाऱ्याचं, पण ते लहान असतानाच वडील गेले. भावांनी पोटापाण्यासाठी पूर्वेची वाट धरली. धाकटा फ्रेडरिक जपानमध्ये नागासाकीला पोचला आणि तिथला मोठा व्यापारी झाला. त्याचं घर आजही तिथे पर्यटकांना दाखवतात. जपानमध्ये रिंगर हट नावाची नूडल्सची प्रसिद्ध साखळी आहे, तिचं नाव या फ्रेडरिकवरून पडलं. म्हणजे एका भावाचं नाव सलाईनवर, दुसऱ्याचं नूडल्सवर.

सिडनी मात्र लंडनला गेले. १८५४ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉक्टरकी शिकायला लागले, १८६० मध्ये पदवी घेतली आणि त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले. तिथून ते निवृत्त होईपर्यंत हललेच नाहीत. जवळपास ४० वर्षं एकच हॉस्पिटल.

त्या काळात डॉक्टर म्हणून त्यांचं नाव मोठं होतं ते वेगळ्याच कारणाने. १८६९ मध्ये त्यांनी औषधोपचारावर एक पुस्तक लिहिलं, हँडबुक ऑफ थेरप्युटिक्स. त्याच्या १३ आवृत्त्या निघाल्या. त्याआधी १८६५ मध्ये त्यांनी क्षयरोग्यांच्या तापमानाच्या नोंदींवर लिहिलं होतं. आज काखेत थर्मामीटर लावणं ही साधी गोष्ट वाटते, तेव्हा लंडनमधल्या बहुतेक डॉक्टरांना ती कटकट वाटायची. रिंगर यांना मोजमापाची सवय आधीपासूनच होती, हे लक्षात ठेवा. पुढे तीच कामाला आली.

१८६७ मध्ये यॉर्कशायरच्या ॲन डार्ले यांच्याशी त्यांचं लग्न झालं. दोन मुली झाल्या. त्यातली थोरली ॲनी १८७५ मध्ये लहानपणीच गेली. यॉर्कशायरमधल्या लास्टिंगम या छोट्या गावात शेकडो वर्षं जुनं चर्च होतं, मोडकळीला आलेलं. १८७९ मध्ये नवराबायकोने स्वतःच्या पैशाने ते मुलीच्या आठवणीसाठी दुरुस्त करून घेतलं. रिंगर यांच्या खासगी आयुष्याबद्दल जे थोडं लिहून ठेवलेलं आहे, त्यात ही सर्वात मोठी घटना. बाकी आयुष्य म्हणजे वॉर्ड, खासगी रुग्ण आणि प्रयोगशाळा. हॉस्पिटलातलं काम आटोपलं की रस्त्यापलीकडच्या कॉलेजात शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत जायचे. स्वतःची प्रयोगशाळा नव्हती, दुसऱ्याच्या विभागात मिळालेली जागा होती. संशोधनासाठी पगारही नव्हता.

बेडकाचं हृदय धडधडतच राहिलं

तर १८८२. रिंगर यांना एक गोष्ट शोधायची होती. रक्तात कितीतरी पदार्थ असतात, त्यातला नेमका कुठला हृदयाला चालू ठेवतो?

बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी काही वेळ धडधडतं. त्यातून एखादा द्रव फिरवत ठेवला आणि द्रवातली एकेक गोष्ट बदलत गेलो, तर कशाने काय होतं ते दिसतं. रिंगर यांनी सुरुवात ०.७५ टक्के मिठाच्या पाण्याने केली. बेडकाच्या पेशींना एवढा खारटपणा मानवतो, त्यांचं पाणी आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. परासरणाचा हिशेब बरोबर होता. आणि हृदय छान चालत राहिलं! रिंगर यांनी निष्कर्ष काढला की हृदयाचे ठोके चालू राहायला योग्य प्रमाणातलं मीठपाणी बऱ्यापैकी पुरतं. तसा शोधनिबंध लिहिला. जर्नल ऑफ फिजिओलॉजीमध्ये तो छापूनही आला.

नंतर भानगड झाली. तोच प्रयोग पुन्हा करताना हृदय चालेना. मीठ तेवढंच, बेडूक तसाच, भांडी तीच. पण ठोके कमी कमी होत गेले आणि हृदय थांबलं.

बदललं काय होतं? पाणी.

प्रयोगासाठी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरायचं होतं, म्हणजे पाणी उकळायचं, त्याची वाफ गार करायची आणि थेंब थेंब गोळा करायचा. वेळखाऊ काम. पुढे लंडनच्या शास्त्रज्ञांमध्ये जी गोष्ट सांगितली जायची ती अशी की प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला हा सगळा उद्योग फालतू वाटला. नळाला पाणी येतंय की! त्याने नळाच्या पाण्यात मीठ विरघळवलं आणि बाटली साहेबांसमोर ठेवली. गोष्टीत किती तिखटमीठ आहे ते सोडून द्या. रिंगर यांच्या निबंधात एवढं नक्की आहे की आधीच्या प्रयोगातलं पाणी नळाचं होतं. न्यू रिव्हर वॉटर कंपनी लंडनच्या त्या भागाला पाणी पुरवायची, आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. क्षारांचं जड पाणी. ज्याच्या घरच्या गंजात पाणी उकळून उकळून पांढरा थर बसतो त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता इथे थांबून विचार करा. निबंध छापून झालाय. नाव झालंय. चूक कुणाच्या लक्षात आलेली नाही, दुसऱ्या कुणी प्रयोग करून पाहिला असता तरी जमलं नाही तर दोष त्याच्याच हाताला गेला असता. गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. आणि दोष द्यायला मदतनीस तयारच होता.

रिंगर यांनी १८८३ मध्ये दुसरा निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं की आपला आधीचा निष्कर्ष चुकला, कारण मीठपाणी नळाच्या पाण्यात बनवलं गेलं होतं. मग मुद्द्यावर आले. नळाच्या पाण्यात असं काय आहे जे हृदय चालू ठेवतं? एकेक क्षार घालून पाहिला आणि उत्तर मिळालं, कॅल्शियम. शुद्ध पाण्यातल्या मिठात चिमूटभर कॅल्शियम घातलं की बंद पडू लागलेलं हृदय परत ठोके देऊ लागायचं.

मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात मोठा भाग वाटतो. नळाचं पाणी जगभरच्या प्रयोगशाळांत चुकून कितीदा वापरलं गेलं असेल. शोध लागला तो चूक झाली म्हणून नव्हे, रिंगर यांनी ती छापून सांगितली म्हणून.

पण कॅल्शियम एकट्याने भागत नव्हतं. नुसतं मीठ आणि कॅल्शियम दिलं तर हृदय आवळलेलं राहायचं, नीट सैल होत नव्हतं. त्यावर उतारा निघाला पोटॅशियमचा. अगदी थोडं पोटॅशियम घातलं की आवळणं आणि सैल होणं तालात यायचं. जास्त घातलं तर हृदय बंद. कॅल्शियम एका बाजूला ओढतं, पोटॅशियम दुसऱ्या बाजूला, आणि ठोका या दोघांच्या मधे पडतो. मीठ, कॅल्शियम, पोटॅशियम आणि थोडा सोडा, एवढ्यावर बेडकाचं हृदय तासन्‌तास चालू लागलं. हाच रिंगरचा द्रव.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली खरी गोम अशी की परासरणाचा हिशेब दोन्ही वेळेला सारखाच होता. नळाचं मीठपाणी आणि शुद्ध मीठपाणी, दोन्ही जवळपास तितकंच दाट. पेशी फुगत नव्हत्या की आकसत नव्हत्या. तरी एकात हृदय चाललं, दुसऱ्यात थांबलं. म्हणजे पाणी किती दाट आहे ही पेशीची पहिली अट. ते कशाने दाट झालंय ही दुसरी. रिंगर यांच्याआधी ही दुसरी अट इतक्या स्पष्टपणे कुणी दाखवली नव्हती.

मग त्यांनी मासे घेतले. गोड्या पाण्यातले मासे नळाच्या पाण्यात आरामात जगत, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात लवकर मरत. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या नवेगावबांधच्या तलावातल्या माशाचा विचार करा. त्याचं अंग तलावाच्या पाण्यापेक्षा खारट. त्यामुळे चोवीस तास पाणी त्याच्या कल्ल्यांमधून आत शिरत असतं. तो जवळजवळ पाणी पीतच नाही, उलट पातळ लघवी करून आलेलं पाणी बाहेर फेकत राहतो, आणि कल्ल्यांनी तलावातले क्षार वेचून आत घेतो. वेचायला क्षारच नसतील तर त्याचं गणित कोसळतं. कल्ल्यांच्या पेशी घट्ट राहायलाही कॅल्शियम लागतं.

१८८५ मध्ये रिंगर यांना रॉयल सोसायटीने फेलो केलं. शरीरशास्त्रज्ञांमध्ये त्यांच्या द्रवाचा वापर वाढला. हॉस्पिटलातल्या रुग्णांना मात्र त्याचा अजून काही उपयोग नव्हता. शिरेत देण्यासाठी त्यांनी तो बनवलेलाच नव्हता. त्यांचा प्रश्न हृदयाबद्दल होता.

कॉलऱ्याने विचारलेला प्रश्न

शिरेतून मीठपाणी द्यायची कल्पना तशी रिंगर यांच्यापेक्षा जुनी. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ ब्रिटनमध्ये आली होती. भारतातून निघालेली साथ होती ती. स्कॉटलंडमधल्या लीथ गावात थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या शिरेत मीठ आणि सोडा घातलेलं पाणी सोडलं. काही जण उठून बसले, त्यातले बरेच नंतर गेले. लाटा यांचं सुरुवातीचं पाणी रक्ताच्या मानाने फारच फिकं होतं, आणि जंतूंचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. पुढच्याच वर्षी लाटा वारले आणि उपाय मागे पडला.

कॉलऱ्यात माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. जोरदार कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जुलाबावाटे जाऊ शकतं. आपल्या पंढरपूरच्या यात्रांमध्ये जुन्या काळी पटकी पसरली की गावंच्या गावं बसायची, आजीपणजीच्या तोंडून महामारीच्या गोष्टी ऐकलेल्या असतीलच. अशा माणसाच्या शिरेत पाणी भरायचं तर ते किती खारट हवं? १८९० च्या दशकात हॉलंडच्या हार्टोग हॅम्बर्गर यांनी तांबड्या पेशी वेगवेगळ्या मीठपाण्यात टाकून त्या कधी फुटतात हे मोजलं, आणि माणसासाठी आकडा आला ०.९ टक्क्यांच्या आसपास. लिटरला ९ ग्रॅम मीठ. आज दवाखान्यात ज्याला एनएस म्हणतात ते हेच.

रिंगर यांचा द्रव रुग्णाच्या शिरेपर्यंत नीट पोचला १९३२ मध्ये, ते जाऊन २२ वर्षं झाल्यावर. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन जुलाबाने सुकलेल्या पोरांवर उपचार करत होते. या मुलांच्या रक्तात आम्ल वाढतं. हार्टमन यांनी रिंगरच्या द्रवात सोडियम लॅक्टेट मिसळलं. यकृत त्याचं रूपांतर सोड्यासारख्या पदार्थात करतं आणि आम्ल मारलं जातं. झालं आरएल तयार. इंग्लंडमध्ये याच बाटलीला हार्टमनचा द्रव म्हणतात, आपण रिंगरला धरून राहिलो.

आपल्याकडच्या अर्ध्या लिटरच्या आरएलच्या बाटलीत साधारण ३ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅमहून थोडं जास्त सोडियम लॅक्टेट, २०० मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि १३५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड असतं. बाकी पाणी. ताकद नाही, जीवनसत्त्व नाही. साखरेच्या सलाईनमध्येही, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये, २५ ग्रॅम साखर असते. १०० कॅलरी. दोन चपात्याही त्याहून जास्त देतात. बाटली लावल्यावर तरतरी येते ती अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर. नसेल तर ते पाणी लघवीवाटे निघून जातं, आणि हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर अंगात साचून त्रासही होतो.

काकूच्या पाकिटात काय होतं?

आता काकूच्या अपमानाकडे येऊ. तोंडाने घेतलेलं मीठपाणी शिरेतल्या बाटलीचं काम कसं करतं?

जुलाबात आतडं पाणी आत घ्यायचं सोडून बाहेर टाकत असतं. नुसतं पाणी प्यायलं तर बरंचसं तसंच निघून जातं. पण आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे जे साखर आणि मिठातलं सोडियम जोडीने आत घेतं, आणि ते दार जुलाबातही चालू राहतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये हे मांडलं. साखर आणि सोडियम आत गेले की आतली बाजू दाट होते, आणि मग पाणी मागोमाग जातं. परासरणच. शिरेत सुई न टोचता.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या छावणीत बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आलं. आपल्याकडे सरकारी पाकिटावर जलसंजीवनी लिहिलेलं असतं ते यामुळेच.

या पाकिटातही दाटपणाचा हिशेब आहे आणि तो एकदा दुरुस्त करावा लागलाय. जुन्या ओआरएसचा दाटपणा ३११ होता, रक्ताचा साधारण २९०. थोडं जास्त दाट झालं की आतड्यातलं पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर खेचलं जायची भीती. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो २४५ वर आणला. लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. मीठ आणि पोटॅशियम, रिंगर यांच्या बेडकापासूनचे जुने सोबती, इथेही आहेत.

म्हणून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, कारण मी ती घरोघरी चुकताना पाहिलीय. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच टाकायचं. पोरगं एवढं पिणार नाही म्हणून अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते औषध राहत नाही. एवढं दाट पाणी पोटात गेलं की जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ वाढतं, आणि लहान मुलाच्या मेंदूतल्या पेशी आकसू शकतात. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भाताची पेज मीठ घालून दिली तरी चालते, धानाच्या जिल्ह्यात तिची काय कमी? पण बाळ सुस्त पडलं, काही पिईना, लघवी बंद झाली, उलटी थांबेना तर पेजेच्या भरवशावर राहू नका. तिथे खरंच बाटली लागते, आणि तीही लवकर.

उन्हाळ्यात उलट चूक होते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेला माणूस घामाने मीठ घालवतो आणि वर लिटरांनी साधं पाणी पितो. तहान भागते, पण अति झालं तर रक्त पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, डोकं दुखतं, मळमळतं, फार झालं तर झटके येतात. आंबील किंवा मीठ घातलेलं ताक घेऊन रानात जाणाऱ्या जुन्या लोकांनी रिंगर यांचा निबंध वाचलेला नव्हता.

आणि गोंदिया जिल्ह्याला पाण्याच्या या हिशेबाची आणखी एक बाजू आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा सिकलसेलचा पट्टा. या आजारात तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. पेशीतलं पाणी कमी झालं की ते दाटतं, त्याच्या काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं फोडणाऱ्या वेदना. हिमोग्लोबिन जितकं दाट तितक्या झपाट्याने काड्या बनतात, थोडा फरकही पुरतो. सिकलसेलच्या पोराला दिवसभर पाणी पीत राहा असं डॉक्टर बजावतात ते उगाच नाही. १ जुलै २०२३ ला या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, रक्ततपासणी त्यात मोफत होते. घरात कुणाची झाली नसेल तर करून घ्या.

रिंगर १९०० मध्ये निवृत्त झाले. पत्नी ॲन त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. ते लंडन सोडून लास्टिंगमला राहायला आले, मुलीसाठी दुरुस्त केलेल्या चर्चच्या गावात. १४ ऑक्टोबर १९१० ला तिथेच वारले आणि तिथल्याच दफनभूमीत त्यांना पुरलं.

काकूला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तिने मन लावून ऐकली आणि शेवटी एकच विचारलं, त्या नळाच्या पाणीवाल्या पोराचं पुढे काय झालं. त्याला कामावरून काढलं की ठेवलं? रिंगर यांनी हे कुठेच लिहिलेलं नाही. निबंधात पाण्याचा उल्लेख आहे, पोराचा नाही.